मंदीची पाच वर्षे : गिरणगाव आणि कोकणातील घर (१९२९–१९३४)

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकांची पाने चाळली, तर त्यांत मूळपुरुष, कुळे, कुलस्वामिनीची स्थाने, संस्थेचे आद्य प्रवर्तक आणि उदार देणगीदार यांची माहिती विपुल आढळते. ती योग्यच आहे. परंतु ज्या सामान्य ज्ञातिबांधवांच्या दोन-चार आण्यांच्या वर्गणीवर अशा संस्था उभ्या राहिल्या, त्यांनी वाईट काळ कसा काढला, याविषयी मात्र आपण फारसे लिहीत नाही. दुष्काळ आणि प्लेग यांच्या आठवणी घराघरांत सांगितल्या गेल्या. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीची आठवण तशी राहिली नाही. ती पटकी किंवा पूर यांप्रमाणे एका दिवशी आली नाही आणि एका दिवशी गेलीही नाही. शिवाय बेकारीत माणसास आपल्याच कर्तृत्वाची लाज वाटते आणि ज्या गोष्टीची लाज वाटते ती मुलाबाळांस सांगितली जात नाही. म्हणूनच त्या पाच वर्षांचा वृत्तान्त एकत्र मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

मंदीचे मूळ

१९२९ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात मोठी घसरण झाली, आणि पाहता पाहता युरोप-अमेरिकेतील कारखाने मंदावले. हिंदुस्थान हा त्या वेळी कापूस, ताग, गळिताची धान्ये असा कच्चा माल परदेशी धाडणारा देश होता. गिऱ्हाईकच हटल्यावर मालाचे भाव कोसळले. १९१४ च्या जुलैमधील भाव १०० धरून कलकत्त्याच्या घाऊक किमतींचा जो निर्देशांक काढीत, तो १९२९ मध्ये १४१ होता. १९३३ मध्ये तो ८७ वर आला. ब्रिटिश हिंदुस्थानातील शेतमालाचे एकूण मोल १९२८-२९ मध्ये सुमारे १,०२१ कोटी रुपये धरले जात होते. १९३३-३४ मध्ये ते ४७४ कोटींवर उतरले. पीक निम्मे झाले नव्हते. शेतकऱ्याने पूर्वीइतकीच मेहनत केली, पूर्वीइतकेच पिकविले आणि त्याच्या हातात मात्र निम्मेच पैसे पडले.

सारा, व्याज आणि खंडाची रोख रक्कम मात्र पूर्वीइतकीच राहिली. दहा मण धान्य विकून जो सारा भागत असे, तो भागविण्यास आता वीस मण विकावे लागे. यात भर पडली ती हुंडणावळीची. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १८ पेन्स ठरविण्यात आला होता. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी १६ पेन्सांचा आग्रह धरला होता, तो मान्य झाला नाही. रुपया महाग राहिल्याने परदेशी माल येथे स्वस्त पडे आणि आपल्या मालाचे परदेशातून रुपये कमी येत. मंदीच्या वर्षांत हे ओझे अधिकच जाणवले.

गिरणगावावर आलेले संकट

मुंबईच्या कापड गिरण्यांत पहिल्या महायुद्धानंतरच्या भरभराटीत सुमारे दीड लाख कामगार होते. त्यांतील फार मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा. त्याखालोखाल सातारा, पुणे, कुलाबा आणि अहमदनगर या जिल्ह्यांचा. मंदी येण्यापूर्वीच हा धंदा अडचणीत होता. जपानी कापडाची स्पर्धा होती. खर्च कमी करण्यासाठी मालकांनी विणकराकडे दोनऐवजी तीन साचे आणि कताई खात्यातील कामगाराकडे एका बाजूऐवजी दोन बाजू देण्याचा उपक्रम आरंभिला होता. एकाने दोघांचे काम करावयाचे, याचा अर्थ दुसऱ्याने घरी बसावयाचे, हे कामगारांनी तत्काळ ओळखले. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला प्रचंड संप आणि १९२९ चा दुसरा संप यांच्या मुळाशी हे भय होते. म्हणजे जगाची मंदी गिरणगावात पोहोचली तेव्हा आपल्या माणसांची गाठ आधीच सुटलेली होती आणि पतही संपलेली होती.

१९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत परदेशी कापडावर बहिष्कार पडला, त्यामुळे देशी गिरण्यांस काही काळ आधार मिळाला. परंतु १९३१ च्या डिसेंबरात जपानने सुवर्णचलन सोडले, येनची किंमत घसरली आणि जपानी कापड आणखी स्वस्त झाले. सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील जकात ऑगस्ट १९३२ मध्ये शेकडा ५० आणि जून १९३३ मध्ये शेकडा ७५ पर्यंत वाढविली. तरीही १९३३ हे वर्ष गिरणगावास फार वाईट गेले. त्याच वर्षी अनेक गिरण्यांचा कारभार पाहणारी करीमभाई यांची मोठी पेढी कोसळली. काही गिरण्या बंद पडल्या, काहींनी पाळ्या कमी केल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून मूळ पगारावर जो महागाई भत्ता मिळत असे, त्यास एकामागून एक गिरण्यांनी कात्री लावली. धान्य स्वस्त झाले आहे, तेव्हा भत्ता कशास, असे मालकांचे म्हणणे. मुंबईतील कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचा निर्देशांक १९२९ ते १९३४ या अवधीत जवळजवळ एक-तृतीयांशाने उतरला होता, हे खरेच होते. परंतु धान्य स्वस्त झाले तरी ते विकत घेण्यास पगार लागतो आणि ज्याचे कामच गेले त्यास स्वस्ताईचा लाभ कोणता? ज्यांचे काम टिकले त्यांच्या जुन्या कर्जाचे हप्तेही स्वस्त झाले नव्हते.

दारावरचा बदली

गिरणीतील बेकारी डोळ्यांस सहज दिसत नसे, याचे कारण बदलीची पद्धत. भोंग्याच्या आधी शेकडो माणसे गिरणीच्या दरवाजाशी उभी राहत. कोण गैरहजर आहे हे पाहून जॉबर त्यांतील काहींस आत घेई. उरलेले परत जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. असा मनुष्य कामगार म्हणावा की बेकार? महिन्यातून दहा दिवस काम मिळाले तर तो स्वत:स गिरणी कामगारच म्हणवी. जॉबरच्या मर्जीवर सारे अवलंबून असल्यामुळे त्यास दस्तुरी द्यावी लागे आणि काम जितके दुर्मिळ तितकी दस्तुरी जड. मालकांच्या संघाने बदली कामगारांच्या नोंदीची पद्धत सुरू केली ती १९३५ मध्ये, म्हणजे मंदीचा कडेलोट होऊन गेल्यावर.

पगार महिन्याने मिळे आणि तोही पुढील महिन्याच्या मध्यास. नव्याने कामावर लागलेल्यास पहिले सहा आठवडे उधारीवरच काढावे लागत. उधारी वाण्याची, खानावळवालीची, आणि अखेरीस पठाणाची. औद्योगिक कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात नमूद केले की, निदान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. दरमहा रुपयास एक आणा हा व्याजाचा दर सर्रास चाले. वर्षास तो शेकडा ७५ पडतो.

स्त्रियांची गोष्ट याहून कठीण. १९२० नंतरच्या दशकात गिरण्यांतील पाच कामगारांपैकी सुमारे एक स्त्री असे. सूत गुंडाळण्याच्या खात्यात नाईकिणीच्या हाताखाली त्या काम करीत. खात्यांची पुनर्रचना झाली आणि कामगार कमी करण्याची वेळ आली की पहिली कुऱ्हाड याच खात्यांवर पडे. पुढील दशकात त्यांचे प्रमाण उतरतच गेले. त्यांतील अनेक विधवा किंवा घरच्या एकट्या मिळवत्या होत्या. त्यांना परत जाण्यास शेतही नव्हते.

मंदीची झळ केवळ गिरणीपुरती राहिली नाही. रेल्वेने हजारो नोकर कमी केले. डिसेंबर १९३१ पासून सरकारी नोकरांच्या पगारात शेकडा १० कपात झाली, ती पूर्णपणे उठली १९३५ च्या एप्रिलात. ज्या घरांनी पोटास चिमटा घेऊन एखादा मुलगा मॅट्रिक केला होता, त्या घरांची कारकुनीची आशाही त्याच वेळी मावळली. १९३१ च्या जनगणनेत सुशिक्षित बेकारांची नोंद करण्याचा यत्न झाला. परंतु फारच थोड्यांनी आपले नाव त्या यादीत घालू दिले. लाजेचा उल्लेख आरंभी केला आहे, त्याचा हा लेखी पुरावा होय.

गावाकडील टोक

कोकणातील घराचे अर्थकारण त्या काळी दोन खांबांवर उभे होते. एक भात-नाचणी-वरीची तुटपुंजी शेती. दुसरा मुंबईची मनीऑर्डर. खोताचा वाटा गेल्यावर शेतीचे धान्य वर्षभर पुरत नसे. अर्धेलीच्या कुळास निम्मे पीक द्यावे लागे. मीठमिरची, कापड, सारा आणि लग्नकार्य यांचे रोख पैसे मुंबईहून येत. पोस्टमन हा अशा गावी जीवनाचा आधार होता. १९३० नंतर मनीऑर्डरीची रक्कम आधी घटली, मग ती दोन-तीन महिन्यांनी येऊ लागली आणि पुष्कळ घरी मनीऑर्डरीऐवजी मनुष्यच आला.

त्या वेळी कोकणात रेल्वे नव्हती; ती पूर्णत्वास गेली १९९८ मध्ये. येणे-जाणे बोटीने, आणि पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे काम सुटलेल्या चाकरमान्यास पावसाच्या आधीच निश्चय करावा लागे : मुंबईत राहून उधारी वाढवावयाची, की डेकचे भाडे जमवून घर गाठावयाचे? घर गाठले तर पुढचे चार महिने परतीची वाट बंद, आणि तेवढ्यात दरवाजावरची आपली जागा दुसऱ्याने घेतलेली. घरी खाणारे एक तोंड वाढे. शेतीस त्याच्या हातांची गरज असेच असे नाही, कारण ती शेती त्याच्या गैरहजेरीत त्याची पत्नी, आई आणि भाऊ सांभाळीतच होते. म्हणजे गिरणीतील बेकारी तेथे नाहीशी होत नसे. ती पेजेच्या वाटीत विभागली जाई, आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाटीत सर्वांत कमी उरे.

सुवर्णाचा ओघ

याच काळात घराघरांतून आणखी एक वस्तू बाहेर पडली. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णचलन सोडले आणि रुपया पौंडाशी बांधलेलाच राहिला. तोळ्यास सुमारे २१ रुपये असलेला सोन्याचा भाव चढू लागला. १९३४ पर्यंत तो तिशीच्या पुढे गेला. भाव चढला म्हणून विकणारे हौशी थोडे. सारा आणि व्याज भागविण्यासाठी विकणारे फार. ठुशी, पुतळ्या, बोरमाळा, गोठ सोनाराकडे गेले, तेथून सराफाकडे, आणि मुंबईच्या बंदरातून आगबोटीने परदेशी. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. सरकारच्या दृष्टीने ही गोष्ट सोयीची होती. तिच्यामुळे इंग्लंडचे देणे भागले आणि रुपयाचा दर टिकला. इतिहासकार या सोन्यास संकटाचे सोने म्हणतात. आपल्या घरांत आजी-पणजीचा दागिना का नाही, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या पाच वर्षांत सापडेल. स्त्रीधन ही कुटुंबाची शेवटची ठेव होती आणि ती देताना तिची संमती विचारण्याची रीत फारशी नव्हती.

‘गाव हाच विमा’ हा समज

येथे या इतिहासातील मुख्य मुद्द्याकडे वळले पाहिजे. इंग्लंडमध्ये १९११ पासून बेकारीच्या विम्याचा कायदा होता. हिंदुस्थानात तसा कायदा का नको, याचे उत्तर व्हिटली कमिशनच्या अहवालात मिळते. कामगार मनाने खेडूत आहे. गावाशी असलेला त्याचा संबंध ही मोठी जमेची बाजू आहे, तो तोडू नये. सतत बदलणाऱ्या अशा कामगारवर्गासाठी बेकारीचा विमा व्यवहार्य नाही, असा त्या विचाराचा आशय होता. कमिशनच्या अहवालात सहृदयता नव्हती असे कोणी म्हणणार नाही. त्यातील अनेक शिफारशींमुळे पुढे कामगारहिताचे कायदे झाले. परंतु गाव हाच विमा, हे गृहीतक मंदीने खोटे ठरविले. विमा तेव्हाच उपयोगी, जेव्हा एक ठिकाणची हानी दुसऱ्या ठिकाणच्या शिल्लकीतून भरता येते. येथे शहर आणि गाव ही दोन्ही टोके एकाच वेळी खचली. गावास शहराच्या पैशाची सर्वांत अधिक निकड होती तेव्हा शहराने गावाकडे बेकार धाडले. आणि या विम्याचा हप्ता मालकाने भरला नाही, सरकारने भरला नाही, तो गावातील स्त्रियांनी आणि कुळांनी भरला.

ज्ञातीचा आधार आणि त्याची मर्यादा

मग माणसे तगली कशी? याचे प्रामाणिक उत्तर असे की, नातलग, गाववाले आणि ज्ञाती यांच्या आधाराने. १९३१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे तीन-चतुर्थांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत. गावकी मंडळाच्या अशाच खोल्यांत वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपत. त्यांतील चौघे बेकार झाले, तर उरलेले त्यांचे भाडे सोसत. खानावळवाली दोन महिने थांबे. कोणी आजारी पडला तर वर्गणी काढून त्यास बोटीत बसवून देत. ज्ञातीच्या संस्थांनी अशा वर्षांतही विद्यार्थ्यांची पुस्तके आणि फी बंद पडू दिली नाही, याचा आपणांस रास्त अभिमान वाटतो.

परंतु याच आधाराची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. जॉबर आपल्या गावच्या व ज्ञातीच्या माणसास आधी आत घेई, तेव्हा दुसऱ्या कोणास तरी दाराबाहेर ठेवी. गिरणीतील अधिक पगाराचे विणाईचे खाते अस्पृश्य मानलेल्या बंधूंना बंद होते. धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि विटाळाच्या कल्पनेने इतर विणकर त्यांना तेथे येऊ देत नसत. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. कामाचा दुष्काळ पडल्यावर अशी बंद दारे अधिकच घट्ट होतात. आपल्या ज्ञातीतील माणसे त्या खात्यात साच्यांवर होती आणि त्या बंदीचा लाभ त्यांना मिळाला, हे आपल्याच इतिहासाचे पान आहे. ते फाडून उरलेल्या पानांचा गौरव करता येणार नाही.

देशावर याच काळात सामुदायिक बळाचे निराळे उदाहरण घडले. गुळाचे भाव पडल्याने ऊस बागाइतदार हवालदिल झाले होते. १९३२ मध्ये साखरेच्या धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच वर्षी सासवडच्या माळी बागाइतदारांनी आपले भांडवल एकत्र करून साखर कारखान्याची कंपनी स्थापन केली आणि अकलूजजवळ माळीनगर वसविले. संकटात सापडलेल्या समाजाने एकमेकांस केवळ उसने न देता उत्पादनाचे साधन उभारले, हा त्यातील बोध आजही घेण्याजोगा आहे.

या काळाने काय मागे ठेवले

सोसण्यास मर्यादा असते. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी न कसण्याचा संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. एप्रिल १९३४ मध्ये भत्त्याच्या कपातीविरुद्ध गिरण्यांत पुन्हा मोठा संप झाला. तो जूनमध्ये मोडला. परंतु त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांत समेट घडविण्याचा कायदा करून कामगारांच्या तक्रारी मांडण्यासाठी लेबर ऑफिसर नेमला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. १९३९ मध्ये कुळकायदा आणि कर्जनिवारणाचा कायदा झाला. खोती कायद्याने संपली ती १९४९ नंतर. गिरणीच्या दरवाजाशी आणि खोताच्या अंगणात जे एकाच कुटुंबाने सोसले, त्याचीच ही दोन अंगांनी उमटलेली फळे होत.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कामगार राज्य विम्याचा कायदा आला. १९५३ मध्ये कामावरून कमी केलेल्यास नुकसानभरपाई देण्याची तरतूद झाली; मात्र तात्पुरते काम बंद ठेवल्याच्या भरपाईतून, वर्षाची नोकरी पुरी न झालेला बदली वगळण्यात आला. दारावरचा मनुष्य कायद्याच्याही दारावरच राहिला. खेड्यातील मनुष्यास मागेल त्यास काम देण्याचे वचन महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेने दिले. १९७२ च्या दुष्काळात ती विस्तारली आणि १९७९ मध्ये तिला कायद्याचे बळ मिळाले. मंदीच्या वर्षांत दयेवर सोडलेली गोष्ट हक्क म्हणून लिहिली जाण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला. गिरण्यांचे युग तर १९८२ च्या संपानंतर ओसरलेच. भोंगे थांबले आणि त्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. तेव्हाही गावाकडे परतलेल्यांची नोंद पुरतेपणी झाली नाही.

आता त्या पाच वर्षांचे साक्षीदार आपल्यात नाहीत. परंतु जुन्या पेट्यांत मनीऑर्डरीच्या पावत्या, वाण्याच्या वह्या, गावकी मंडळांची जमाखर्चाची पुस्तके आणि सोनाराच्या चिठ्ठ्या अद्याप पडून असतील. ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे की, असे कागद रद्दीत न घालता संस्थेच्या कार्यालयाकडे द्यावेत. संस्थेनेही त्यांची यादी करून ते अभ्यासकांस खुले ठेवावेत. त्याचबरोबर संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या निधीप्रमाणेच अचानक काम गेलेल्या बंधुभगिनींसाठी एक कायम निधी असावा, आणि मदत घेणाऱ्याचे नाव वार्षिक अहवालात छापू नये, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे ठेवावीशी वाटते. बेकारीची लाज बाळगून गप्प राहिलेल्या त्या पिढीचे ऋण अंशत: तरी अशा रीतीने फेडता येईल.